तीन फिती, एक तारा

१२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

सोबत फोटो पाठवतेय. शुक्रवारी समारंभ झाला आणि तुमचे धाकटे दीर लेफ्टनंट झाले. मैदानावर वारा असा होता की टोप्या आणि पदर सांभाळण्यातच निम्म्यांचे फोटो बिघडले. आमचा मात्र बरा आलाय. तारा घरच्या बाईने लावायचा होता. आईंच्या डोळ्यांमुळे त्यांचं येणं झालं नाही, म्हणून मी लावला. पिन यांच्या खांद्यात घुसली, पण हे जागचे हलले नाहीत.

आई विचारतील म्हणून सगळं नीट लिहिते. तुम्ही त्यांना समजावून सांगा. खांद्यावरचा तारा म्हणजे अधिकारी. एक तारा ही अधिकाऱ्यांची पहिली पायरी. बाहीवर जो गोल कापडी बिल्ला आहे, त्यातला कंदील प्रशिक्षण शाळेचा. बदली झाली की बिल्लाही बदलतो. तारा सांगतो माणूस कोण, आणि बिल्ला सांगतो तो कुठे आहे. दादांच्या बाहीवर सार्जंटच्या तीन फिती आणि त्यांच्या डेपोचं चाक असतं, तसंच हे. फक्त फिती कितीही असल्या तरी तारा त्यांच्या वरचा. हे गमतीत म्हणत होते, आता दादा भेटला की आधी सलाम करेल आणि मग कान पिरगाळेल. राग मानू नका, गंमतच आहे.

क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, मागे व्हरांडा, आंघोळीला गरम पाण्याचा नळ. आईंनी एकदा यावं असं फार वाटतं. लग्नाला दोन वर्षं होतील, त्यांनी माझं घर अजून पाहिलेलं नाही.

तुमची धाकटी


३ मार्च

धाकटे,

फोटो मिळाला. अभिनंदन, भाऊजींचं आधी आणि मग तुझं. मी फोटो दुकानात नेला होता. चष्म्याच्या फ्रेममध्ये काचा बसवून बसवून माझ्या डोळ्याला तिरकं चटकन दिसतं, म्हणून लिहिते: बाहीवरचा बिल्ला डावीकडे वर गेलाय. उसवून पुन्हा शीव.

आईंना दुकानातलं मोठं भिंग आणून दिलं. त्यांनी दोन्ही लेकांचे फोटो मांडीवर घेतले आणि बोट लावून मोजलं. इकडे तीन, तिकडे एक. म्हणाल्या, "बरोबर आहे. थोरला तो थोरलाच." मग शेजारी सांगायला गेल्या. जन्मभर शाळेची घंटा वाजवलेली बाई, बोलली तरी घंटाच. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला दोन्ही मुलांचा हुद्दा पाठ झाला. तुझं पत्र मी वाचलं आणि त्यांना चार शब्दांत सांगितलं. एवढं बारीकसारीक त्यांच्या डोक्यात राहत नाही.

हे रविवारी डेपोतून आले तेव्हा यांनीही फोटो पाहिला. "साहेब झाला आपला," एवढंच म्हणाले. मग दिवसभर मागच्या अंगणातला पंप खोलून बसले. पंपाला काहीही झालं नव्हतं.

आईंचं येणं कठीण दिसतं. प्रवास झेपणार नाही, आणि त्यांना माझ्या हाताची सवय आहे. गरम पाण्याचा नळ आमच्याकडे नाही, पण पातेलं आहे.

थोरली


२९ मार्च

ताई,

काल आईंचं पत्र आलं. मोठमोठी अक्षरं, एका ओळीत तीनच शब्द. यांना लिहिलंय, "थोरल्याच्या हाताखाली आहेस, त्याचं ऐकत जा, तो तुझा साहेब आहे, त्याचं नाव खराब करू नकोस."

यांनी पत्र वाचलं आणि पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मी एवढं सविस्तर लिहिलं होतं. या माणसाने तीन वर्षं रात्रशाळा केली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पहिले आले. त्या ताऱ्यासाठी मी माझी नकाशे काढायची नोकरी सोडून इकडे आले. आणि घरी त्याचा हिशेब काय, तर तीनापेक्षा एक लहान. एवढं गणित तर पहिलीतल्या पोरालाही येतं, नाही का?

मी म्हटलं, आईंना मीच लिहिते, मोठ्या अक्षरांत. यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाले, वहिनीने मला भरतीच्या दिवशी बूट चमकवून दिले होते, तिची इच्छा असेल तर असू दे. आईला काय फरक पडतो, मी एक का अर्धा.

फरक मला पडतो. या घरात तुमचा शब्द शेवटचा. आई तुमच्या, गल्ली तुमची, आणि माझा नवराही तुमचीच बाजू घेतो. निदान एक तारा तरी माझ्या वाट्याला येऊ द्या. आईंना खरं सांगा.

धाकटी


१५ एप्रिल

धाकटे,

मी खोटं बोलले नाही. त्यांनी मोजलं आणि मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे खोटं असेल तर असो.

तू सरळ लिहिलंस, मीही सरळ लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. फोटो पाकिटातून काढला त्या क्षणी वाटला आणि अजून उतरलेला नाही. यांच्या तीन फिती एकेक करून आल्या. पहिली लग्नाआधी, दुसरी आमची मुलगी रांगायला लागली तेव्हा, तिसरीला सात वर्षं लागली. प्रत्येक फीत मी शिवलीय. भाऊजींना सैन्यात आणलं यांनी, पहाटे उठवून पळवलं यांनी, आणि रात्रशाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली मी. आता तू मैदानावर उभी राहून तारा लावतेस आणि मला पत्रातून शिकवतेस की फितींच्या वर काय असतं. ते मला ठाऊक होतं गं. तेवढ्यासाठी तर मी गप्प बसले.

तुझ्याकडे क्वार्टर आहे, पुढे कॅप्टनची बायको होशील, मेजरची होशील. आमची शिडी संपली, वर गच्चीच नाही. या एका म्हातारीच्या डोळ्यांत माझा नवरा मोठा आहे. तेवढं राहू दे.

थोरली


२० मे

ताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं मी टाळत होते. आता दुसरंच कारण आलंय.

यांची बदली झाली. कंदील उसवला, त्या जागी घार आली. घार म्हणजे सीमेवरची ब्रिगेड. गेल्या वर्षभरात तिथून कोण कसं परत आलं हे कॉलनीतल्या बायका मोठ्याने बोलत नाहीत. यांना चार दिवसांत निघावं लागलं.

बॅग भरताना मी विणलेला स्वेटर यांनी बाहेर काढून ठेवला, जागा नाही म्हणून. आणि दादांचा जुना चामडी पट्टा कमरेला बांधला. म्हणाले, हा असला की बरं वाटतं. मी स्वेटर कपाटात ठेवला. माणूस तिकडे निघालेला असताना पट्ट्याचा हेवा करायचा नसतो, पण मी केला.

जाण्यापूर्वी काढलेला फोटो आईंसाठी पाठवायला सांगितलंय, तो सोबत आहे. घारीचा अर्थ आईंना सांगू नका, असं यांनी बजावलंय. तुम्हाला गप्प बसता येतं, ते या वेळी उपयोगी पडेल. टोमणा नाही, खरंच लिहितेय.

धाकटी


१८ जून

धाकटे,

मी गप्प बसले होते. पण आईंनी भिंगाखाली पाखरू शोधून काढलं, आणि रविवारी हे आले तेव्हा यांनाच विचारलं. तुला यांचा स्वभाव माहीत आहे. खोटं बोलायला गेले की कान लाल होतात. सांगून टाकलं, आई, ती सीमेवरची ब्रिगेड.

आईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू त्याचा साहेब ना? मग त्याला जाऊ कसं दिलंस?"

यांना काही कळेना. आई पुढे बोलत राहिल्या. तुझ्या हातात असून धाकट्याला अडवलं नाहीस, तो पुढे जाईल म्हणून तुझ्या पोटात दुखलं असेल, तुझ्या तीन फिती काय शोभेच्या? हे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड पाहून सगळं समजले. मला वाटलं, आता सांगतील, आई, मी त्याचा साहेब नाही, तोच माझा आहे. एका वाक्याचं काम होतं. पण हे खाली मान घालून ऐकत राहिले. मला तोंडघशी पाडायला नको म्हणून. मग जेवणाचं ताट तसंच ठेवून संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्या बसने परत गेले.

मी त्याच दिवशी आईंना खरं सांगितलं. तुझी शपथ. तारा मोठा, फिती लहान, यांच्या हातात काही नव्हतं. आई म्हणाल्या, "कालपर्यंत तीन मोठे होते. आज नवऱ्यावर बेतलं तशी एकाला किंमत आली होय?" माझ्यावर त्यांचा आता काडीचा विश्वास नाही. पुढच्या रविवारी हे आले तर त्या उठून आतल्या खोलीत गेल्या.

तू लिही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतील, कारण तुझा यात फायदा नाही. मार्चमध्ये मला जे सांगायला लावत होतीस, तेच तू सांग. मी पाया पडते.

थोरली


१४ जुलै

ताई,

पत्र मिळालं. दादांचं वाचून वाईट वाटलं.

हे पत्रातून समजावण्यासारखं नाही असं मला वाटतं. मोठ्या अक्षरांत किती लिहिणार? आणि योगायोगाने आता तशी गरजही नाही, कारण आई इकडे येताहेत. त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. मला लिहिलंय, "तू एकटी आहेस, मी येते, तुझं घर बघते." लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी पत्रावर माझं नाव घातलं. मी ते दोनदा वाचलं.

आल्या की बघू. सवडीने सांगेन. दादांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

धाकटी


२१ ऑगस्ट

धाकटे,

आई तुझ्याकडे येऊन महिना झाला. तुझं पत्र नाही, म्हणजे तू सांगितलेलं नाहीस. कळलं. तुझ्या जागी मी असते तर मीही लवकर सांगितलं नसतं, म्हणून रागावायचा हक्क मला नाही.

फक्त एक कळवते. यांनी घारीच्या ब्रिगेडमध्ये जायचा अर्ज केला होता. मला न सांगता. तो मंजूर झाला. डेपोतले सगळे म्हणाले, या वयात, गुडघा दुखतो, चांगली सावलीतली नोकरी सोडून कुठे निघालास? यांनी मला एवढंच सांगितलं, आई म्हणते त्याला का जाऊ दिलंस. परत आणता येत नाही, निदान शेजारी उभा राहतो.

परवा रात्री चाक उसवून घार मी शिवली. शिवण सरळ आली आहे. दहा तारखेला निघतात.

थोरली


६ सप्टेंबर

ताई,

आईंना सांगितलं. सगळं लिहिते, माझी बाजू सावरून घेणार नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई व्हरांड्यात बसल्या होत्या. महिनाभर आम्ही सकाळी फिरायला जात होतो. माझा हात धरून चालायच्या. बाजारात भेटेल त्याला "ही माझी सून" म्हणायच्या. रोज ठरवायचे, आज सांगते, आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस. खरं कळलं की त्या तुमच्याकडे परत जाणार, हे मला माहीत होतं. तुमच्याकडे त्या पंधरा वर्षं होत्या. मला फक्त थोडं हवं होतं.

पत्र वाचून मी त्यांना कॉलनीच्या फाटकापाशी घेऊन गेले. पहाऱ्यावर एक पांढऱ्या मिशांचे सार्जंट असतात. तेवढ्यात सायकलवरून एक नवा लेफ्टनंट आला, अजून दाढीही धड न फुटलेला. सार्जंटनी टाच जुळवून सलाम ठोकला. पोराने मान हलवली आणि निघून गेला. आईंना अंधुक दिसलं, पण हात वर गेलेला दिसला. त्यांनी विचारलं, "हा बाप्या त्या पोराला कशाला सलाम करतो?"

मी म्हटलं, "त्याच्याकडे तीन फिती आहेत, आई. पोराकडे एक तारा."

त्या फाटकाशेजारच्या दगडावर बसल्या. सार्जंटनी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन आई म्हणाल्या, "म्हणजे थोरल्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि मी त्याला नाही नाही ते बोलले, तरी तो ऐकून घेत राहिला." मग म्हणाल्या, "तिने मला सांगितलं होतं." ती म्हणजे तुम्ही. मी त्यांना हेही सांगितलं, की मला दोन महिन्यांपासून सगळं माहीत होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन बॅग भरायला घेतली. मी साड्यांच्या घड्या घालून देत होते आणि मनात म्हणत होते, घ्या, जिंकलात तुम्ही. असं मनात आलं, ते लिहिलं.

दुसरी गोष्ट. काल मी यांना सगळं कळवलं. ब्रिगेडच्या टपालाने तीन दिवसांत पोचतं. फिती, तारा, आईंचं बोलणं, दादांचा अर्ज, कशामुळे केला ते. आणि लिहिलं, की दादांना तिथे थांबू देऊ नका.

आई उद्याच्या गाडीने निघतात. स्टेशनवर या, म्हणून तारही केली आहे.

धाकटी


१९ ऑक्टोबर

धाकटे,

हे परत आले. कसे, ते तुला भाऊजींनी कळवलं असेल, पण भाऊजी स्वतःचं कधी नीट सांगत नाहीत, म्हणून यांच्याकडून जेवढं बाहेर काढता आलं तेवढं लिहिते.

हे निघाले त्याआधी आई घरी पोचल्या होत्या. घरी आल्यावर सरळ यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जाऊ नकोस, मी चुकले. पण हुकूम निघाला होता, आता मागे फिरता येत नव्हतं. हे गेले. तिकडे पोचल्यावर तिथल्या मेजरनी भाऊजींना बोलावून विचारलं, हा सार्जंट तुमचा सख्खा भाऊ आहे, तुमच्या तुकडीत देऊ का? भाऊजी म्हणाले, नको. माझ्याच नव्हे, कुठल्याच तुकडीत नको. गुडघ्याचं कारण पुढे केलं. डॉक्टरने तपासलं, आणि ते कारण खोटंही नव्हतं.

मग दोघे समोरासमोर आले. हे चिडले होते. विचारलं, "भाऊ म्हणून परत पाठवतोस की साहेब म्हणून?" भाऊजी म्हणाले, "ज्याचं तू ऐकशील, तो म्हणून."

तेवढ्यावर हे फिरले. रात्रभर दोघे एका तंबूत होते, पण काय बोलले ते मला सांगत नाहीत. आता डेपोत पुन्हा चाक लावून काम करतात. रविवारी येतात. जेवताना मध्येच थांबतात. आई यांच्या पानात वाढत राहतात.

आता माझं. तू ते पत्र भाऊजींना पाठवलं नसतंस तर दोघे भाऊ आज शेजारी असते. तुला तेवढाच धीर असता, की तिथे त्यांच्या बाजूला घरचं माणूस आहे. हे तुला लिहिताना ठाऊक होतं. तरी तू माझा नवरा मला परत पाठवलास आणि तुझा तिथे एकटा ठेवलास. रविवारी यांच्या बुटांचा आवाज पायरीवर आला की मला तू आठवतेस. आठ महिने मी तुझा हेवा केला. आता वाटत नाही. का वाटत नाही याचा विचार केला तर उत्तर असं येतं, की आता माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. याची मला जितकी लाज वाटते, तितकी त्या गप्प बसण्याचीही वाटली नव्हती.

आईंना मी हे सगळं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग इथे काय करतेस? तिच्याकडे जा. पोरीकडे आणि याच्याकडे मी बघते." दुकानातून महिन्याची रजा घेतली आहे. सोमवारच्या सकाळच्या गाडीने निघते. नको वाटत असेल तर तसं कळव, वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन.

थोरली


२३ ऑक्टोबर

ताई,

या. स्टेशनवर मी असेन. दोन दिवस यांचं पत्र नाही, म्हणून हात चालत नाही, थोडंच लिहिते.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं, आईच का नाही येत. ते आलंच, म्हणून लिहून टाकलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर पलंग खिडकीजवळ सरकवला. तिथे तुम्हाला हवा लागेल.

धाकटी